दोन सायकलींना एक कुलूप

कवळीवाली : नाही म्हणजे नाहीच. आत्ताच सांगून टाकलं की फेरा संपेपर्यंत तुम्ही वाट बघायला नको आणि मीही.

कुलूपवाला : अहो, पण अजून पहिला पूलसुद्धा आला नाही.

कवळीवाली : म्हणूनच. खरं तर फाटकापाशी परत आल्यावर सांगणार होते, तसं ठरवूनच आले होते. पण तुम्ही माझ्या सायकलची सीट वर करून दिलीत, चाकातली हवा बघितलीत, ब्रेक दोनदा दाबून बघितलेत. म्हटलं, हा माणूस आणखी काही चांगलं करायच्या आत सांगितलेलं बरं.

कुलूपवाला : म्हणजे सीट वर केली म्हणून नकार?

कवळीवाली : नकार आधीचाच. सीट वर केलीत म्हणून लवकर मिळाला.

कुलूपवाला : बरं. मग आता मागे फिरायचं का?

कवळीवाली : कशाला? बागेतला सहा किलोमीटरचा फेरा, गाडी नाही, हॉर्न नाही, चढ नाही. पाटीवर चक्क लिहिलंय, 'सोपा मार्ग, सर्व वयांसाठी'. मी शेजारणीची सायकल मागून आणलीय, बारापर्यंत माझी आहे. लग्न करायचं नाही म्हणून सायकलही चालवायची नाही, असं कुठे आहे?

कुलूपवाला : खरं सांगू? मला एकदम हलकं वाटलं. चार दिवस मुलगी माझी शिकवणी घेत होती. हा निळा शर्टसुद्धा तिनेच काढून दिला.

कवळीवाली : निळा मी सांगितला.

कुलूपवाला : तुम्ही?

कवळीवाली : मंगळवारी तिच्या दवाखान्यात कवळ्या पोचवायला गेले होते, तेव्हा तिने मला मोबाईलवर तीन शर्ट दाखवले. मावशी, यातला कुठला? मला वाटलं नवऱ्यासाठी विचारतेय. दर मंगळवारी मी तिच्या डॉक्टरांचे दात घेऊन जाते... म्हणजे डॉक्टरांच्या पेशंटांचे. ती डबे ठेवून घेते आणि मला बसवून ठेवते. तीन महिने नुसतं 'माझे बाबा असे' आणि 'माझे बाबा तसे'. शेवटी म्हटलं, एकदा भेटते बाई, पण तुझ्या बाबांचं गुणगान आवर.

कुलूपवाला : काय सांगायची?

कवळीवाली : की शहरातलं असं दार नाही जे तुमच्याने उघडत नाही. की एकदा न्हाणीघरात अडकलेल्या बाळाला तुम्ही दाराबाहेरून गाणी म्हणत म्हणत सोडवलं. की तुम्हाला स्वयंपाक येतो, पण भांडी घासत नाही.

कुलूपवाला : घासतो. दुसऱ्या दिवशी.

कवळीवाली : हं.

कुलूपवाला : मला तिने बजावलं होतं, तीन गोष्टी अजिबात काढायच्या नाहीत. कुलपांवर बोलायचं नाही, तिच्या आईवर बोलायचं नाही, आणि... असंच आणखी एक होतं. आता नकार आलाच आहे, तर मी थोडं कुलपांवर बोलू का?

कवळीवाली : बोला की मनसोक्त. फक्त जरा डावीकडे घ्या, पुढे लहान पोरं चाललीत.

कुलूपवाला : पण त्याआधी एक विचारतो. राग मानू नका. माझ्यात काही खोट दिसली का?

कवळीवाली : छे हो. तुम्हाला धड बघितलं तरी कुठे होतं? माझंच आहे कारण. माझा नवरा सहा वर्षं आजारी होता. अंथरुणावर नाही, पण आजारी. मी ती सहा वर्षं घड्याळाकडे बघत काढली. ही गोळी जेवणाआधी, ती जेवणानंतर, ही अर्धी, ती पाण्यात विरघळवून. घरी प्रयोगशाळा मांडली होती. एकीकडे कवळ्यांचे साचे, एकीकडे औषधं. केलं मी, प्रेमाने केलं, त्याची तक्रार नाही. पण पुन्हा कोणाच्या गोळ्यांचा डबा भरायला बसायचं नाही, एवढं मात्र पक्कं आहे. आणि आपल्या वयाचा माणूस म्हणजे आज ना उद्या गोळ्या आल्याच.

कुलूपवाला : हं.

कवळीवाली : वाईट वाटलं?

कुलूपवाला : नाही, नाही. कारण पटण्यासारखं आहे. हा बघा पूल आला. फळ्या जरा खडखडतात, घाबरू नका.

कवळीवाली : तुम्हाला कसं माहीत?

कुलूपवाला : मी रोज येतो ना इथे. सात महिने झाले.

कवळीवाली : रोज? हौस आहे मोठी.

कुलूपवाला : हौसच म्हणायची. ती पुढे लाकडी खोली दिसते ना, तळ्याच्या काठाला? आत भिंतीला फटी ठेवल्यात, त्यातून पक्षी दिसतात आणि पक्ष्यांना आपण दिसत नाही. थांबू या. मी सफरचंद आणलंय.

कवळीवाली : थांबू. अहो, हे काय चाललंय?

कुलूपवाला : साखळी लावतो.

कवळीवाली : दोन्ही सायकलींना? इथे चोर कोण, ती बदकं?

कुलूपवाला : जवळ खांब नाही म्हणून दोन्ही एकमेकींना बांधल्या. तुम्ही हसाल, पण तीस वर्षं मी फक्त पश्चात्ताप झालेली माणसं बघितलीत. 'दोनच मिनिटं गेलो होतो हो' म्हणणारी. झालं. ऐकलंत आवाज? टक्. हे माझं स्वतःचं कुलूप आहे, स्वतः बनवलेलं. नुसतं दाबायचं, बसतं. उघडायला मात्र त्याचीच किल्ली हवी.

कवळीवाली : सुरू झालं वाटतं कुलपांवर.

कुलूपवाला : तुम्हीच परवानगी दिलीत. या, आत या. डोकं सांभाळा. घ्या सफरचंद, मी सोलूनच आणलंय.

कवळीवाली : कित्ती शांत आहे. ते काळं, लांब मानेचं काय आहे?

कुलूपवाला : नाव माहीत नाही. मी त्याला इन्स्पेक्टर म्हणतो. असा मान वर करून सगळ्यांवर नजर ठेवतो, पकडत काही नाही.

कवळीवाली : तुम्ही डाव्या बाजूनेच चावताय.

कुलूपवाला : अं?

कवळीवाली : चौथी फोड आहे. चारही डावीकडून. उजवीकडे वर दोन दात बसवलेत ना? ते दात धरणारी पट्टी उंच बसलीय. कोणी केली?

कुलूपवाला : मुलीच्या डॉक्टरांनीच. तुम्हाला बाहेरून कसं कळतं हो?

कवळीवाली : गालावरून. थांबा, मुलीच्या डॉक्टरांकडे? किती दिवस झाले?

कुलूपवाला : दोन वर्षं होतील.

कवळीवाली : म्हणजे मीच केली. अरे देवा. दोन वर्षं तुम्ही माझ्या दातांनी एका बाजूने जेवताय, आणि एक शब्द बोलला नाहीत?

कुलूपवाला : मला वाटलं असंच असतं.

कवळीवाली : असंच नसतं! एका बाजूने जेवायला मी दात करते का? या माझ्याकडे, पाच मिनिटांत घासून देते.

कुलूपवाला : म्हणजे परत भेटायचं?

कवळीवाली : गिऱ्हाईक म्हणून. तोंड उघडायचं, आणि मी काम करत असताना बोलायचं नाही.

कुलूपवाला : ते जमेल. चला, निघू या? पुढे साडेतीन किलोमीटर आहे. तळ्याच्या पलीकडे तर झाडं एवढी दाट आहेत की दुपारीसुद्धा सावली. तिकडचं जास्त चांगलं आहे.

कवळीवाली : चला. उघडा तुमची तिजोरी.

कुलूपवाला : हो. हे... एक मिनिट.

कवळीवाली : काय झालं?

कुलूपवाला : काही नाही. खिसा बघतोय.

कवळीवाली : तो बघितलात मघाशी.

कुलूपवाला : वरचा राहिला.

कवळीवाली : वरच्यात सफरचंदाची पिशवी आहे. काय शोधताय?

कुलूपवाला : जुडगं. माझं किल्ल्यांचं जुडगं कमरेला असतं. तीस वर्षं कमरेला असतं. झोपताना उशाशी, आंघोळीला खुंटीवर.

कवळीवाली : मग आज?

कुलूपवाला : आज मुलीने काढून घेतलं. म्हणाली, पहिल्या भेटीला खुळखुळ वाजत जाऊ नका, बैलगाडी आल्यासारखं वाटतं.

कवळीवाली : आणि या कुलपाची किल्ली...

कुलूपवाला : त्याच जुडग्यात.

कवळीवाली : आणि तरी तुम्ही कुलूप दाबलंत.

कुलूपवाला : सवय हो! साखळी हातात आली की अंगठा आपोआप दाबतो. हसताय काय?

कवळीवाली : मला... थांबा, मला श्वास घेऊ द्या. शहरातलं असं दार नाही... अग आई गं.

कुलूपवाला : हसा. हसा पोटभर.

कवळीवाली : केसातला आकडा देऊ का? सिनेमात उघडतात.

कुलूपवाला : हे कुलूप आकड्याने उघडलं ना, तर मी उद्यापासून दुकान बंद करेन. आकडा, तार, पिन, कशालाही दाद देऊ नये म्हणून तर बनवलंय. चार महिने घालवले याच्यावर.

कवळीवाली : मग आकडा नको?

कुलूपवाला : ...द्या बघू.

कवळीवाली : उघडतंय?

कुलूपवाला : नाही. आणि खरं सांगू, मला दुःखही होतंय आणि छातीही फुगतेय.

कवळीवाली : तुमची फुगू दे. आपण करायचं काय ते बोला. सायकली इथेच ठेवून चालत जाऊ. चांगलं कुलूप लावलेलं आहे, कोण नेणार?

कुलूपवाला : कुलूप उघडणारा कोणी आला तर?

कवळीवाली : असा माणूस शहरात एकच आहे, आणि त्याच्याने उघडत नाहीये.

कुलूपवाला : पण तुम्हाला शेजारणीची सायकल बारापर्यंत द्यायचीय ना?

कवळीवाली : हो की. ती तिच्या दारात उभी असेल, कमरेवर हात ठेवून. मग?

कुलूपवाला : मग दोन्ही ढकलत न्यायच्या. साखळी लांब आहे. तुम्ही तुमच्या बाजूने धरा, मी माझ्या. पुढे साडेतीन किलोमीटर, मागे अडीच. मागेच जाऊ.

कवळीवाली : पण हा एकाच दिशेचा रस्ता आहे, बाण काढलेत.

कुलूपवाला : बाण सायकलस्वारांना. आपण आता पायी आहोत.

कवळीवाली : चला तर. एक, दोन... आई! तुमचं पॅडल माझ्या नडगीला लागलं.

कुलूपवाला : तुम्ही आधी निघालात. तीन म्हटल्यावर निघायचं असतं.

कवळीवाली : दोन म्हटल्यावर पाय उचलायचा, म्हणजे तीनला पडतो.

कुलूपवाला : तीनला उचलायचा!

कवळीवाली : असं? मग म्हणा तुम्ही. मी तुमच्या पायाने चालते.

कुलूपवाला : एक, दोन, तीन. हां. आता डावा. तुमचा डावा हो, माझा नाही.

कवळीवाली : अहो, कवायत आहे का ही? नुसतं चाला. तुम्ही उजवीकडे ओढताय, मी गवतात चाललेय.

कुलूपवाला : तुमच्या सायकलचं हँडल वाकडं आहे.

कवळीवाली : शेजारणीचं. तिचं सगळंच वाकडं असतं. ते बघा, समोरून सगळी फौज येतेय. काय बघतात बघा वळून वळून. हा माणूस हात करतोय तुम्हाला.

कुलूपवाला : रोजचा आहे तो. काही नाही हो, काही नाही! चालू द्या तुमचं! नाही, पंक्चर नाही! ...फजिती आहे. उद्या अख्ख्या बागेत होईल.

कवळीवाली : मी सांगू का त्यांना काय झालं ते?

कुलूपवाला : तुम्हाला दया नाही.

कवळीवाली : बऱ्याच दिवसांनी कोणाशी तरी भांडतेय बघा. घरात भांडायला कोणी नाही. साचे उत्तर देत नाहीत.

कुलूपवाला : मी मुलीला फोन लावतो. जुडगं घेऊन फाटकाशी ये म्हणतो. हात मोकळा नाही, स्पीकरवर टाकतो.

(फोन लागतो.)

मुलगी : बाबा! कसं चाललंय? नाही, सांगू नका, एकच शब्द बोला. चांगलं की वाईट?

कुलूपवाला : स्पीकर आहे, बाळा.

मुलगी : अय्या. नमस्कार, मावशी.

कवळीवाली : नमस्कार. तुझे बाबा कुलपांवर बोलले.

मुलगी : बाबा!

कुलूपवाला : जुडगं कुठे ठेवलंस माझं?

मुलगी : खणात. का? आता कशाला हवंय जुडगं? एक दिवस नसलं कमरेला तर काय होतं?

कवळीवाली : सांगा, सांगा काय होतं.

कुलूपवाला : मी दोन्ही सायकली एकत्र बांधून कुलूप लावलं.

मुलगी : किल्ली नसताना?

कुलूपवाला : आता ढकलत परत येतोय. तू फाटकाशी ये.

मुलगी : ढकलत? अडीच किलोमीटर? बाबा, तुम्हाला धाप लागलीय, मला ऐकू येतंय. ढकलू नका तुम्ही! डॉक्टरांनी काय सांगितलंय... म्हणजे, डॉक्टरांनी मला सांगितलंय की दवाखान्यात काम आहे आज. रविवारचं. मी निघते. येतेच. मावशी, बाय!

कवळीवाली : ठेवला तिने.

कुलूपवाला : हो. घाईत असते.

कवळीवाली : रविवारी दवाखाना बंद असतो. कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?

कुलूपवाला : थोडं हळू चालू या का?

कवळीवाली : थांबूच या. सायकली झाडाला टेकवा. आता बोला. ती तिसरी गोष्ट कुठली, काढायची नाही म्हणून बजावलेली?

कुलूपवाला : माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. नऊ महिन्यांपूर्वी. छाती उघडून.

कवळीवाली : छाती उघडून?

कुलूपवाला : मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं माहितीय? एवढी उघडझाप केली त्यांनी, आणि मी बेशुद्ध. कसं उघडलं ते बघायलाच मिळालं नाही.

कवळीवाली : विनोद करू नका.

कुलूपवाला : बरं. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, रोज सायकल चालवा, पण चढ नको, गाड्यांचा धूर नको, दगदग नको. मुलीने हा फेरा शोधून काढला. म्हणून सात महिने रोज येतो. हौस नाही.

कवळीवाली : म्हणजे मी मघाशी पुलापाशी गोळ्यांचं बोलत होते, तेव्हा तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात.

कुलूपवाला : हो. मुलगी म्हणाली होती, ऑपरेशनचं दुसऱ्या भेटीत सांगा. तुमचा नकार आलाच होता, तर न सांगताही चाललं असतं. पण तुम्ही मला तुमचं खरं कारण सांगितलंत आणि मी गप्प बसून सफरचंद खाल्लं. ते मला बरं वाटलं नाही. पूर्ण वेळ बरं वाटलं नाही.

कवळीवाली : किती गोळ्या आहेत?

कुलूपवाला : पाच. सकाळी तीन, रात्री दोन.

कवळीवाली : आजच्या घेतल्या?

कुलूपवाला : घेतल्या.

कवळीवाली : पाणी कुठेय तुमचं? बाटली तरी आणलीत का? बसा आधी त्या बाकावर. पाय लांब करा. शर्टाचं वरचं बटण काढा. घाम आलाय का? हात बघू.

कुलूपवाला : बघा. लागलात कामाला.

कवळीवाली : काय?

कुलूपवाला : तुम्हाला जे पुन्हा करायचं नव्हतं, तेच करताय. नका करू. मी ठीक आहे. गोळ्या मी माझ्या मीच घेतो, डबा मीच भरतो. पत्र्याचा आहे, चौदा खणांचा, घरीच बनवला.

कवळीवाली : त्याला कुलूप नाही ना?

कुलूपवाला : होतं. मुलीने काढायला लावलं.

कवळीवाली : तुम्ही ना... हसवू नका मला आता. मी चिडलेय तुमच्यावर.

कुलूपवाला : चिडा. पण एक सांगून टाकतो, म्हणजे सगळंच सांगून होईल. मघाशी मी हलकं वाटलं म्हणालो ते खोटं होतं. मला होकार हवा होता. दिवसभर मी लोकांची दारं उघडतो. दार उघडलं की आतून कोणीतरी येतं, रडतं, हसतं, या बसा म्हणतं. मग संध्याकाळी माझं दार उघडतो आणि आत कोणी नसतं. मला ते आवडत नाही. रोज आवडत नाही. नर्स नकोय मला. घरात कोणीतरी हवंय, एवढंच.

कवळीवाली : बसा जरा वेळ. मीही बसते.

कुलूपवाला : शेजारणीची सायकल?

कवळीवाली : उभी राहू दे तिला कमरेवर हात ठेवून. तुम्ही खरं बोललात, तर मीही बोलते. गोळ्यांचं कारण तसं अर्धंच आहे. गोळ्या द्यायचा मला कंटाळा नव्हता हो. त्यांची पहिली गोळी सकाळी सहाची. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, सगळी झोपलेली. मी सहाला उठले, पेल्यात पाणी घेतलं आणि खोलीच्या दारापर्यंत गेले. तिथे गेल्यावर कळलं. पेला हातात घेऊन किती वेळ उभी होते, देव जाणे. शेवटी मीच ते पाणी प्यायले. नऊ वर्षं झाली. अजून सहाला डोळा उघडतो. घड्याळ लावावं लागत नाही. मला ते पुन्हा नकोय. गोळ्या नाही, तो पेला नकोय.

कुलूपवाला : हो. कळलं.

कवळीवाली : काहीतरी समजुतीचं बोलू नका.

कुलूपवाला : नाही बोलत. मला येतही नाही. तिची आई गेली तेव्हा मी दुकानात जाऊन दिवसभर एकच किल्ली कानशीने घासत बसलो होतो. कुठल्या कुलपाची, ते आजही सांगता येणार नाही.

कवळीवाली : आता तिच्या आईवरही बोललात. तिन्ही झाल्या.

कुलूपवाला : मुलगी मला घरात घेणार नाही.

कवळीवाली : चला, उठा. सावकाश. आणि आता सायकली मी ढकलणार, तुम्ही फक्त हात ठेवा.

कुलूपवाला : एकटीने दोन?

कवळीवाली : प्लॅस्टरची पोती उचलते मी. हात ठेवा म्हटलं ना, ओढायचं नाही. तरी ओढताय!

कुलूपवाला : नाही ओढत, हँडल वाकडंय.

कवळीवाली : आता बरोबर चाललो बघा. पाय मोजावे लागत नाहीयेत.

कुलूपवाला : तोंडाने सांगू नका, लगेच चुकेल.

कवळीवाली : चुकलं.

कुलूपवाला : सांगितलं होतं.

कवळीवाली : ते आलं फाटक. आणि ती कोण पळत येतेय, एका पायात सपात आणि एका पायात बूट?

कुलूपवाला : माझीच आहे.

मुलगी : बाबा! आधी बसा! मावशी, सॉरी हां, फार सॉरी. हे घ्या जुडगं. बाबा, एका माणसाला भेटायला एकदा, फक्त एकदा, घराबाहेर पाठवलं तुम्हाला.

कुलूपवाला : दे इकडे. ही बघा किल्ली. टक्. झालं.

मुलगी : मावशी, खरं सांगते, ते इतर दिवशी असे नसतात.

कवळीवाली : कसे असतात?

मुलगी : ...असेच असतात. बाबा, इकडे या जरा. सांगितलंत?

कुलूपवाला : सांगितलं.

मुलगी : कुठलं?

कुलूपवाला : सगळं. तिन्ही.

मुलगी : आणि मावशी काय म्हणाल्या?

कुलूपवाला : नाही म्हणाल्या. पण ते पहिल्या पुलाच्या आधीच म्हणाल्या होत्या, त्यात माझी चूक नाही. तू तोंड पाडू नकोस. आमचा वेळ छान गेला.

कवळीवाली : अगं, कुजबुजताय कशाला, मला ऐकू येतंय. तुझे बाबा खरं बोलतात, एवढं खरं बोलतात की माणसाला त्रास होतो. तू जा घरी, बूट नीट घाल. मी शेजारणीला सायकल देऊन टाकते.

मुलगी : मग... मंगळवारी दवाखान्यात भेटू, मावशी?

कवळीवाली : भेटू. आणि ऐका हो तुम्ही. पट्टी घासायला यायचंय ते वेगळं. पण आज अर्धाच फेरा झाला. ते तळ्यापलीकडचं, दाट झाडीचं, तुम्ही एवढं सांगितलंत आणि मी बघितलंच नाही.

कुलूपवाला : या ना, कधीही. पण नकार?

कवळीवाली : नकार आहे तिथेच आहे. त्याला मी हात लावलेला नाही. मी फेऱ्याचं विचारतेय. उद्या किती वाजता निघता?

कुलूपवाला : फाटक सव्वासहाला उघडतं, मी तेव्हाच येतो. पण तुमच्यासाठी थांबेन हो, आठ म्हणा, साडेआठ म्हणा. सुट्टी नसताना तुम्हाला एवढ्या लवकर उठायचा त्रास कशाला?

कवळीवाली : आठ नको. सव्वासहालाच या. मी उठलेली असते.